चिपळूणचे एक घर आणि १२ लाखांचा आकडा : गृहविम्याच्या एका दाव्याचा अभ्यास

२२ जुलै २०२१ च्या पहाटे चिपळुणात वाशिष्ठी आणि शिवनदीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा माझ्या मामांच्या घरात तळमजल्यावर सुमारे सात फूट पाणी होते. घरातली माणसे वरच्या मजल्यावर गेली होती आणि सर्व सुखरूप राहिली, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे लिहायचे आहे ते केवळ वस्तू, भिंती आणि कागद यांच्याविषयी आहे. मी पुण्यात एका लेखापालाच्या कार्यालयात काम करते. विम्याचा व्यवसाय माझा नाही, परंतु या घराचा दावा सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझ्या हातून गेला. कुटुंबाची ओळख उघड होऊ नये म्हणून रकमा थोड्या गोल केल्या आहेत, आणि विमा कंपनीचे व बँकेचे नाव मुद्दाम दिलेले नाही.

घर दुमजली, सिमेंट-काँक्रीटचे, चटई क्षेत्र दोन्ही मजले मिळून १,१०० चौरस फूट. मागे विहीर, तिच्या पलीकडे परसाची जागा, आणि परसाच्या टोकाला शिवनदीच्या अंगाला चिऱ्याचे कुंपण. वरचा मजला २०१९ मध्ये कर्ज काढून चढवला. कर्ज १२ लाखांचे होते आणि बँकेने त्याच वेळी घराचा आगविमा उतरवून घेतला होता. दरवर्षी मे महिन्यात हप्ता खात्यातून वळता होई, पॉलिसीचे पाकीट येई आणि ते न उघडता कपाटातल्या फाइलीत जाई. ती फाइल वरच्या मजल्यावर होती म्हणून वाचली.

पुरानंतर अकराव्या दिवशी मी चिपळूणला पोहोचले, तेव्हा मामांनी विमा कंपनीकडे तोंडी सूचना देऊन ठेवली होती आणि दावा केवळ इमारतीचा केला होता. ओल्या गाद्या, फुगलेले पलंग, गाळाने भरलेला फ्रिज आणि धुलाईयंत्र हे सारे नगरपालिकेच्या ट्रॅक्टरमध्ये टाकण्यासाठी रस्त्याच्या कडेला काढून ठेवले होते. मी विचारले तेव्हा मामा म्हणाले, "अगं, बँकेने भिंतींचा विमा उतरवलाय. भांड्याकुंड्यांचा कोण उतरवतो?"

या वाक्यात चूक होती, पण ती मामांच्या एकट्याची नव्हती. २०१९ आणि २०२० साली त्यांच्याजवळ जी पॉलिसी होती ती जुन्या पद्धतीची, प्रमाणित आग व विशेष आपत्ती विम्याची होती, आणि तिच्यात खरोखरच फक्त इमारतीची नोंद होती. परंतु १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने, म्हणजे इर्डाईने, घरांसाठी 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना विकायला लावली. मामांचे नूतनीकरण मे महिन्यात झाले, त्यामुळे पाकीट जुन्यासारखेच दिसत असले तरी आतला कागद नवा होता. नव्या पॉलिसीत इमारतीबरोबर घरातील सर्वसाधारण वस्तूंनाही, यादी न देता, इमारतीच्या विमित रकमेच्या, म्हणजे तिचा विमा जेवढ्या रकमेचा उतरवला त्या रकमेच्या, २० टक्क्यांइतके आणि जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. अर्थात केवळ इमारतीचा किंवा केवळ वस्तूंचा विमा घेण्याची मुभाही या पॉलिसीत आहे, त्यामुळे नियमाची बातमी वाचून समाधान मानणे पुरेसे नसते. पॉलिसीच्या पहिल्या एक-दोन पानांवर असलेले शेड्यूल पाहावे लागते. मामांच्या शेड्यूलमध्ये इमारतीसमोर १२,००,००० आणि वस्तूंसमोर २,४०,००० असे दोन्ही आकडे छापलेले होते.

पहिले काम म्हणून ट्रॅक्टर थांबवला. गाळात माखलेल्या प्रत्येक वस्तूचे, आणि जिथे पट्टी होती तिथे कंपनी व मॉडेल क्रमांकाच्या पट्टीचे, छायाचित्र घेतले. भिंतीवर पाण्याची रेघ उमटली होती, तिच्यापाशी मोजपट्टी धरून फोटो काढले. ज्या वस्तू ठेवणे आरोग्यास घातक होते त्या, सर्व्हेअरला (विमा कंपनीने नुकसान पाहण्यासाठी नेमलेल्या माणसाला) फोनवर कळवून आणि तेच लघुसंदेशाने लिहून, मग टाकल्या. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत घेतली. लेखी दावा अर्ज नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत द्यावा अशी पॉलिसीची अट आहे. आम्ही सुधारित अर्ज २२ व्या दिवशी दिला.

आता दाव्यातील एकेक बाब. येथे एक गोष्ट मनात धरली की पुढचे बरेच सोपे होते. ही पॉलिसी 'घराचे काहीही बिघडले तर' अशी नाही. ती नावानिशी सांगितलेल्या आपत्तींची आहे : आग, स्फोट, वीज, भूकंप, वादळ व पूर, जमीन खचणे व दरड, वणवा, वाहन किंवा झाड आदळणे, दंगल व संप, दहशतवादी कृत्य, पाण्याच्या टाक्या व नळ फुटणे, आणि अशा आणखी काही. नुकसानीचे कारण या नावांपैकी एखाद्यात बसत असेल तरच पुढचा विचार होतो. म्हणून दाव्यातला पहिला प्रश्न "किती नुकसान झाले" हा नसून "कशाने झाले" हा असतो.

पुराच्या बाबतीत हे सोपे वाटते, पण चिपळुणात तेही सोपे नव्हते. कोयना प्रकल्पातून वीजनिर्मिती झाल्यावर सोडलेले पाणी वाशिष्ठीत येते, त्यामुळे हा पूर पावसाचा की सोडलेल्या पाण्याचा यावर त्या दिवसांत गावात दुसरी चर्चा नव्हती. मामांना धास्ती होती की धरणाचे पाणी म्हटले तर कंपनी हात वर करील. पॉलिसीत मात्र पूर आणि जलमय होणे एवढेच शब्द आहेत. पाणी कोठून आले, कोणी सोडले, हे ती विचारत नाही. सर्व्हेअरनेही विचारले नाही. हा वाद दुसरीकडे मांडण्याजोगा असेल, दाव्यात त्याची गरज नव्हती.

तळमजल्याचे प्लास्टर, फरशी, फुगलेली दारे-चौकटी आणि भिंतीतले वायरिंग यांचा २,१०,००० रुपयांचा अंदाज स्थानिक अभियंत्याने दिला आणि तो जवळजवळ जसाच्या तसा मान्य झाला, कारण इमारतीच्या व्याख्येत भिंतींना कायमचे जोडलेले वायरिंग व नळजोडणी येते. कुंपणाची भिंत, फाटक, पडवी, सेप्टिक टँक, पाण्याच्या टाक्या आणि सौर पॅनेल हेही 'इमारत' या शब्दातच धरलेले आहेत, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते.

वाद झाला तो कुंपणावरून. नदीच्या अंगाचे चिऱ्याचे चाळीस-एक फूट कुंपण पडले होते आणि त्याच्यासोबत परसाची दहा-बारा फूट रुंदीची जमीन पाण्याबरोबर गेली होती. सर्व्हेअरने अहवालात लिहिले की ही नदीकाठाची धूप आहे आणि धूप पॉलिसीत वगळलेली आहे. त्याचे म्हणणे निराधार नव्हते, कारण समुद्रकाठाची किंवा नदीकाठाची धूप हे शब्द पॉलिसीत आहेत. परंतु ते कोठे आहेत हे पाहण्यासारखे होते. पॉलिसीत प्रत्येक आपत्तीसमोर, त्या आपत्तीपुरते काय वगळले आहे, ते वेगळ्या रकान्यात लिहिलेले असते. धुपीचा अपवाद 'जमीन खचणे, दरड कोसळणे' या आपत्तीसमोर आहे. तेथेच नव्या बांधकामाच्या नेहमीच्या भेगा, भरावाची जमीन बसणे, सदोष आराखडा किंवा कामगिरी हेही वगळलेले आहे. 'पूर' या आपत्तीसमोर असा अपवाद नाही. म्हणजे भिंत कशाने पडली यावर सारे अवलंबून होते : पायाखालची जमीन हळूहळू नदीने खाल्ली म्हणून, की पुराच्या लोंढ्याने ढकलली म्हणून.

सुदैवाने शेजारच्या घराच्या गच्चीवरून एका मुलाने सकाळी मोबाइलवर चित्रण केले होते. त्यात कुंपण आधी उभे दिसते, पाणी त्याच्या माथ्यावरून जाऊ लागते, एक ओंडका येऊन धडकतो आणि मधला भाग आतल्या बाजूला, म्हणजे घराकडे, कोसळतो. खचलेली भिंत नदीकडे गेली असती. हे चित्रण, रकाना कोणता याचे एका पानाचे निवेदन आणि अभियंत्याचे पत्र आम्ही कंपनीच्या तक्रार कक्षाकडे पाठवले. तेथे महिनाभरात निर्णय झाला नसता किंवा तो विरुद्ध गेला असता तर विमा लोकपालाकडे जाता आले असते. मुंबई आणि पुणे दोन्ही ठिकाणी त्याची कार्यालये आहेत आणि तक्रारीला शुल्क नसते. त्याची वेळ आली नाही. भिंतीचे ७५,००० रुपये मान्य झाले. वाहून गेलेल्या जमिनीचे मात्र काहीच मिळाले नाही आणि मिळणारही नव्हते, कारण गृहविमा बांधकामाच्या खर्चाचा असतो, जमिनीचा नसतो. मामींना ते अजून पटत नाही. त्या जागेत त्यांची अळूची खाचरे होती.

विहिरीवरचा पंप चोरीला गेला तो २६ जुलैच्या रात्री. पुराने मागचे फाटक नेले होते आणि घरात कोणी झोपत नव्हते. घरफोडीचा विमा या पॉलिसीत नाही. तो वेगळा घ्यावा लागतो. परंतु एखाद्या विमित आपत्तीनंतर सात दिवसांच्या आत, आणि त्या आपत्तीमुळेच घडलेली चोरी, ही पॉलिसीतील आपत्तींच्या यादीतच आहे. मामांनी पोलिसांत नोंद केली नव्हती; "लोकांची घरं गेली, आणि मी पंपाचं रडगाणं कुठं गाऊ," असे त्यांचे म्हणणे. नोंद ६ ऑगस्टला केली, उशिराचे कारण लिहून दिले आणि ११,००० रुपये मंजूर झाले. वेळेवर नोंद असती तर दोन फेऱ्या वाचल्या असत्या.

नाकारलेल्या गोष्टींकडे आता वळते, कारण त्यांतली प्रत्येक नाकारण्यामागे वेगळे कारण होते.

वरच्या मजल्यावरच्या खोलीत स्लॅबमधून पाणी झिरपून छताचे प्लास्टर सुटले होते. मामांनी ते दाव्यात घातले होते, ४०,००० रुपये. पावसाचे ते पाणी होते आणि आठवडाही पुराचाच होता हे खरे, परंतु ही गळती मागच्या दोन पावसाळ्यांपासूनची होती, आणि झिरप ही यादीतली आपत्तीच नाही. तेथे अपवाद शोधण्याचीही गरज पडत नाही. मी ती बाब दाव्यातून स्वतःच काढून टाकायला सांगायला हवी होती. एक कमकुवत बाब राहिली की सर्व्हेअर बाकीच्याही बाबींकडे संशयाने पाहू लागतो, आणि आमच्याकडे तसेच झाले.

वरचाच टीव्ही पाण्यात भिजला नव्हता. चार दिवसांनी वीज आली, कमी-जास्त दाबाने आली आणि टीव्ही जळला. विजेच्या उपकरणाचे शॉर्ट सर्किट, अतिदाब किंवा स्वतः तापण्यामुळे झालेले नुकसान, त्या उपकरणापुरते, पॉलिसीत वगळलेले आहे. त्याच टीव्हीतून आग लागून पडदे व पलंग जळले असते तर पडद्यांचे व पलंगाचे पैसे मिळाले असते, टीव्हीचे नाही. हे ऐकून मामा हसले. मला मात्र ही तरतूद समजून घ्यायला तीनदा वाचावी लागली होती.

स्कूटर गेली. वाहन या पॉलिसीत येत नाही आणि स्कूटरचा स्वतःचा विमा केवळ तृतीय पक्षाचा होता, ज्यात स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून मिळत नाही. रोख रक्कम आणि कागदपत्रे वगळलेली. भिजलेल्या नोटांपैकी बहुतेक बँकेने बदलून दिल्या, तो भाग विम्याबाहेर सुटला. तळमजल्याच्या कपाटातला दागिन्यांचा लहान डबा सापडला नाही. दागिने, चांदी, चित्रे यांना 'मौल्यवान वस्तू' म्हणून वेगळे, आधी मूल्य ठरवून, जादा हप्ता भरून संरक्षण घ्यावे लागते. ते घेतलेले नव्हते.

सगळ्यात कटू बाब माझ्या मामेवहिनीच्या शिवणकामाची. पुढच्या खोलीत तिची दोन शिलाई यंत्रे, पिको-फॉलचे यंत्र, अस्तराचे कापड आणि गिऱ्हाइकांनी शिवायला दिलेले ब्लाउजपीस होते. सारे मिळून ६५,००० रुपये. ही घरातली वस्तू आहे असे आम्ही म्हणत होतो, पण पुढच्या दारावर पाटी होती आणि कामाची नोंदवही सर्व्हेअरने स्वतः पाहिली. व्यवसायाची यंत्रे आणि माल घरगुती वस्तूंत धरले गेले नाहीत, आणि गिऱ्हाइकांचे कापड तर कुटुंबाच्या मालकीचेच नव्हते. अशा लहान उद्योगांसाठी त्याच १ एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही दुसरी प्रमाणित पॉलिसी निघाली आहे. कोकणातल्या किती घरांत पुढच्या खोलीत दुकान, शिकवणी किंवा शिवणकाम चालते हे पाहिले, तर हा अपवाद किती घरांना लागू होतो ते सहज कळेल.

उरला तो मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे प्रकरण लिहावेसे वाटले. तळमजल्यावरच्या मान्य घरगुती वस्तूंचे नुकसान ३,१०,००० रुपयांचे ठरले. मिळाले २,४०,०००. सत्तर हजारांची ही घट कोणत्याही अपवादामुळे झाली नाही. ती १२ लाखांच्या आकड्यामुळे झाली.

या पॉलिसीत इमारतीची विमित रक्कम काढण्याची रीत साधी आहे : चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा चालू दर. आमच्या अभियंत्याने त्या भागातला दर चौरस फुटाला १,६०० रुपये धरला, म्हणजे १,१०० चौरस फुटांचे १७,६०,००० रुपये होतात. बँकेने मात्र कर्जाची रक्कम, १२ लाख, तीच विमित रक्कम म्हणून लिहिली, कारण बँकेला काळजी आपल्या कर्जापुरती. जुन्या पॉलिसीत याचा फटका इमारतीच्या दाव्याला बसला असता. तेथे अल्पविम्याचे कलम होते : घराची किंमत १७.६० लाख आणि विमा १२ लाखांचा, तर नुकसानही त्याच प्रमाणात भरून मिळायचे. कुंपणासह इमारतीच्या २,८५,००० रुपयांच्या नुकसानीवर सुमारे १,९४,००० रुपये हाती आले असते, आणि आपत्तीनंतरची चोरी तेथे वगळलेली असल्याने पंपाचे काहीच नाही. भारत गृह रक्षामध्ये हे कलम लागू होत नाही, म्हणून पंपासह २,९६,००० पूर्ण मिळाले. नूतनीकरण मेऐवजी सप्टेंबरमध्ये असते, तर पुराच्या दिवशी जुनीच पॉलिसी चालू राहिली असती, इमारतीचे पैसे कापले गेले असते आणि वस्तूंचे काहीच मिळाले नसते.

नव्या पॉलिसीत अल्पविम्याची कात्री लागत नाही असे जे सर्वत्र सांगितले जाते ते इमारतीपुरते खरे आहे, परंतु कमी लिहिलेली रक्कम दुसऱ्या दाराने आत येते. वस्तूंची मर्यादा इमारतीच्या रकमेच्या २० टक्के आहे. १२ लाखांचे २० टक्के २,४०,००० होतात, १७.६० लाखांचे ३,५२,००० झाले असते आणि त्यात ३,१०,००० रुपयांच्या सगळ्या वस्तू बसल्या असत्या. शिवाय वस्तूंची यादी देऊन जास्त रकमेचे संरक्षण घेण्याची सोय होतीच. इमारतीची विमित रक्कम साडेपाच लाखांनी वाढवायला वर्षाला काही शे रुपयांचा जादा हप्ता लागला असता. आमच्या घरात सगळे जण अपवादांची बारीक अक्षरे वाचत बसले होते. घाव बसला तो पहिल्या पानावर ठळक छापलेल्या आकड्यातून.

बाकीचा हिशेब थोडक्यात. गाळ व राडारोडा काढायला जेसीबी आणि मजूर मिळून २६,००० रुपये लागले. पॉलिसीत या खर्चाची मर्यादा दाव्याच्या रकमेच्या २ टक्के आहे, म्हणून ५,३६,००० रुपयांवर १०,७२० मिळाले. ज्या गावात गाळ हेच निम्मे नुकसान असते तेथे ही मर्यादा फार तोकडी आहे, असे माझे मत आहे. अभियंत्याची फी ८,००० रुपये, ५ टक्क्यांच्या मर्यादेत असल्याने पूर्ण मिळाली. सेप्टिक टँक भरलेला आणि वायरिंग उघडे, त्यामुळे घर राहण्यायोग्य नाही असे प्रमाणपत्र अभियंत्याने दिले होते. त्या आधारे सावर्ड्यात घेतलेल्या जागेचे तीन महिन्यांचे भाडे, २१,००० रुपये, मंजूर झाले. या भाड्यासाठी वेगळा हप्ता नव्हता, ते इमारतीच्या संरक्षणातच होते, आणि मामांनी ते मागितलेसुद्धा नव्हते. एकूण ५,७५,७२० रुपये.

हे पैसे मामांच्या हातात मात्र लगेच आले नाहीत. पॉलिसीवर बँकेचे हितसंबंध नोंदलेले असल्याने रक्कम आधी बँकेकडे गेली आणि बँकेने ती कर्जखात्यात जमा करण्याची तयारी चालवली होती. दुरुस्तीची अंदाजपत्रके, कर्जाचे हप्ते थकलेले नसल्याचा दाखला आणि शाखाधिकाऱ्याशी तीन भेटी, एवढे झाल्यावर ती दुरुस्तीसाठी सोडण्यात आली. यात आणखी पाच आठवडे गेले आणि तोवर गवंड्याचे पैसे मामांनी पतपेढीतून उचलले.

२०२२ च्या एप्रिलमध्ये नूतनीकरणाची सूचना आली. मामींनी या वेळी पाकीट फोडले आणि मला फोटो पाठवला. विमित रकमेसमोर पुन्हा १२,००,००० छापले होते. दुसऱ्या दिवशी मामा चटई क्षेत्राचा दाखला आणि अभियंत्याचा दर लिहिलेला कागद घेऊन शाखेत गेले. तेथल्या बाईंनी सांगितले की संगणकात हा आकडा कर्जखात्यावरून आपोआप येतो, तो बदलायचा तर ग्राहकाने लेखी अर्ज द्यावा लागतो. अर्ज त्यांनी तेथेच बाकावर बसून लिहिला : इमारत १९ लाख, वस्तू यादीप्रमाणे ५ लाख, दागिने वेगळे. शिवणकामाच्या खोलीची पॉलिसी वहिनीने स्वतःच्या नावाने वेगळी घेतली. वरचा स्लॅब अजून गळतो.